काकाकुवाच्या जिवावर कोण उठलंय?

नमस्कार मंडळी!

पांढराशुभ्र, डोक्यावर पिवळा तुरा उभारणारा काकाकुवा आपण पाहिलाय तो बहुतेक पिंजऱ्यातच. रानातला बघायचा तर ऑस्ट्रेलिया, इंडोनेशिया, न्यू गिनी, फिलिपिन्स नाहीतर सॉलोमन बेटं गाठावी लागतात. त्याच्या 21 जाती आहेत आणि भारतातल्या रानात त्यातली एकही नाही. मग मराठवाड्यात बसून मी हा विषय का काढतोय? ते पुढं कळेलच. आधी त्याचे शिकारी बघू.

आकाशातून येतो बहिरी ससाणा. हिवाळ्यात आपल्याकडच्या तलावांवरही दिसतो, तोच. ऑस्ट्रेलियात तो गलाह नावाच्या गुलाबी-करड्या काकाकुवांवर वरून सूर मारतो. तिथले गरुडही त्यांना उचलतात. पण काकाकुवा गाफील नसतो. पिवळ्या तुऱ्याचा थवा जमिनीवर चरत असला की दोन-चार पक्षी झाडावर थांबतात. ज्वारी हुरड्यात आली की आपण माळ्यावर राखणीला बसतो, तसे. गरुडाची सावली दिसायचा अवकाश, असा कल्लोळ करतात की सगळा थवा एका झेपेत वर. त्यातूनही एखादा सापडतोच, पण तेवढ्यानं जात संपत नाही. हजारो वर्षं हे असंच चालत आलंय.

त्याचा जीव अडकलाय तो ढोलीत.

काकाकुवाला सुतार पक्ष्यासारखी ढोली कोरता येत नाही. फांदी मोडते, तिथं बुरशी लागते, वाळवी आतलं लाकूड पोखरते, आणि वर्षानुवर्षांनी पोकळी तयार होते. एवढा मोठा पक्षी आत मावायचा तर बऱ्याच झाडांना शंभरावर वर्षं लागतात. मोठ्या काकाकुवांची अंडी बहुधा एक, दोन, फार तर तीन. काळा पाम काकाकुवा तर एकच अंडं घालतो, आणि तेही दरवर्षी नाही. त्या एका अंड्यावर घोरपडी टपलेल्या, अजगर टपलेले.

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला कांगारू बेट आहे. तिथला चकचकीत काळा काकाकुवा सुरूच्या कुळातल्या एकाच झाडाच्या बोंडांवर जगतो. चोचीनं बोंड फिरवत फिरवत तो एकेक बारीक बी काढत बसतो. 1990च्या दशकात हे पक्षी जेमतेम दीडशे उरले होते. शोध घेतला तेव्हा कळलं, पॉसम रात्री झाडावर चढून अंडी आणि पिल्लं फस्त करतो. हा पॉसम म्हणजे पोटाला पिशवी असलेला, मांजराएवढा प्राणी. मग लोकांनी काय केलं, तर ढोलीच्या झाडांच्या बुंध्याला गुळगुळीत पत्रा गुंडाळला आणि शेजारच्या झाडाला टेकणाऱ्या फांद्या छाटल्या. पॉसमची नखं पत्र्यावरून घसरायला लागली. आधी शंभरातली 23 घरटी यशस्वी व्हायची, ती 42 व्हायला लागली. पक्षी साडेतीनशेच्या वर गेले. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण उपाय साधा होता आणि माणसं तो वर्षानुवर्षं नेटानं करत राहिली. 2019-20च्या वणव्यात तिथली अर्ध्याहून जास्त खाण्याची झाडं जळाली. तरी काम थांबलेलं नाही.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कार्नबी काकाकुवाचं दुखणं वेगळं. गव्हासाठी तिथलं रान मैलोन् मैल साफ झालं. उरलेल्या ढोल्यांत माणसानं बाहेरून आणलेल्या मधमाश्या पोळी करून बसतात. जानेवारी 2010मध्ये पारा 48 अंशांच्या आसपास गेला आणि होपटाऊनच्या भागात दोनशेवर कार्नबी मरून पडले. दोनच महिन्यांनी तिथल्याच पर्थ शहरात गारपीट झाली, त्यातही कित्येक गेले. 2014ची गारपीट आठवा. आपल्याकडं झाडाखाली पक्ष्यांचा खच पडला होता, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

एक गोष्ट सहज डोळ्यांत येत नाही. काकाकुवा दशकानुदशकं जगतो. त्यामुळं ढोल्या गेल्या तरी थवा बराच काळ भरलेला दिसतो. फक्त त्यात पिल्लं नसतात.

आता पिंजऱ्याकडं येऊ. मे 2015मध्ये इंडोनेशियातल्या सुराबायाच्या बंदरात पोलिसांनी पिवळ्या तुऱ्याचे वीसेक काकाकुवे पकडले (ही ऑस्ट्रेलियातल्या पिवळ्या तुऱ्यापेक्षा वेगळी, लहान जात), प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्यांत कोंबलेले. बाटली कापली तेव्हा आतून मिटलेले पंख आणि दबलेला तुरा बाहेर आला. ही जात आज नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे, आणि त्याचं मोठं कारण हा बाजार आहे. ऑस्ट्रेलियानं आपले पक्षी विकायला बाहेर पाठवणं 1960मध्येच बंद केलं, तरी चोरवाटा उरल्याच. उलट फिलिपिन्समधल्या रासा बेटावर पूर्वी पिल्लं चोरणारी माणसंच आता घरट्यांवर पहारा देतात, आणि तिथं लाल बुडाच्या काकाकुवांची संख्या कितीतरी पटींनी वाढलीय.

आपल्या शहरांतही काकाकुवा हौसेनं पाळला जातो. 2022मध्ये वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली आणि 2024च्या नियमांनुसार असा परदेशी पक्षी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदवणं बंधनकारक झालं. विकणारा कागद दाखवत नसेल तर घेऊ नका. आणि आपला हिरवा पोपट? तो पिंजऱ्यात ठेवणं मुळात गुन्हाच आहे.

आता इथलं. मराठवाड्यात जंगल आधीच नावाला. पोपट आणि पिंगळे जगतात ते बांधावरच्या आंब्यात, लिंबात, रस्त्याकडच्या वडाच्या ढोलीत. रस्ता रुंद करताना नेमकी हीच झाडं जातात. बदल्यात लावलेल्या रोपात ढोली व्हायला आपल्या नातवंडांचं आयुष्य जाईल.

म्हणून सांगतो, बांधावरचं झाड तोडायचं ठरलं असेल तर आधी सकाळ-संध्याकाळ खाली उभं राहून ढोलीत कोणी ये-जा करतंय का बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये तर हमखास बघा, तेव्हा पोपटांची पिल्लं आत असतात. पिल्लं असतील तर ती उडेपर्यंत कुऱ्हाड लांब ठेवा. आणि वाळलेली फांदी कोणाच्या डोक्यावर येणार नसेल तर ती राहू द्या. तुमच्या शिवारात अशी ढोली असेल तर खाली गावाचं आणि झाडाचं नाव लिहा. फोटो लांबूनच काढा, आणि नेमकी जागा मात्र कोणाला सांगू नका.