पाय काढला, पण कॅन्सर तर आधीच पुढे गेला होता

(दृश्य: दवाखान्याचा लांब कॉरिडॉर. एक रॉटवायलर आपल्या दिशेनं चालत येतोय.)

मान बघा त्याची. पुढचा डावा पाय जमिनीला लागला की डोकं वर जातं, उजवा लागला की खाली येतं. पुढचा पाय दुखत असला की कुत्रं असंच चालतं. घरच्यांना वाटलं उडी मारताना मुरगळला असेल, मग गोळ्या झाल्या, आठवडाभर बरं वाटलं, परत लंगडायला लागला, परत गोळ्या, असं करत करत दीड महिना गेला. यात कुणाचा दोष काढायचा नाहीये, सात वर्षांचं धिप्पाड कुत्रं लंगडलं तर पहिल्यांदा सांधाच डोक्यात येतो, घरच्यांच्याही आणि बऱ्याचदा डॉक्टरांच्याही.

(दृश्य: स्क्रीनवर एक्स-रे.)

हे मनगटाच्या जरा वरचं हाड. त्याची कडा रेघ मारल्यासारखी स्वच्छ दिसायला पाहिजे, इथे ती वाळवी लागलेल्या चौकटीसारखी झालीये, आणि बाजूला नवीन हाड वेडंवाकडं, काट्यांसारखं फुटून बाहेर आलंय. बायोप्सीचा रिपोर्ट नंतर आला, पण एक्स-रे बघून सगळे गप्प झाले होते.

ऑस्टिओसार्कोमा. कुत्र्यांच्या हाडात सुरू होणाऱ्या कॅन्सरपैकी साधारण ८५ टक्के हाच असतो. व्हेटर्नरीची मुलं पाठ करतात, कोपरापासून लांब आणि गुडघ्याच्या जवळ, म्हणजे पुढच्या पायात मनगटाशी किंवा खांद्याशी, मागच्या पायात गुडघ्याच्या आजूबाजूला. ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, आयरिश वुल्फहाउंड, ग्रेहाउंड, रॉटवायलर, सगळी उंच किंवा जड मंडळी, छोट्या जातींत हा क्वचितच सापडतो.

रॉटवायलरचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. २००२ मध्ये ६८३ रॉटवायलर कुत्र्यांचा एक अभ्यास आला, त्यात ज्यांची नसबंदी वय एक वर्ष व्हायच्या आत झाली होती त्यांच्यात हाडाच्या कॅन्सरचं प्रमाण जवळजवळ चारात एक इतकं निघालं. म्हणून नसबंदीच करू नका असं कुणी म्हणत नाहीये, पण मोठ्या जातीत ती कधी करायची यावर तेव्हापासून जो वाद सुरू झालाय तो अजून मिटलेला नाही.

(दृश्य: ऑपरेशन थिएटरचा दिवा. हातमोजे चढतायत.)

आता पाय. पुढचा पाय काढताना बहुतेक वेळा खांद्याच्या फऱ्यासकट काढतात. ऐकून पोटात गोळा येतो, कुत्र्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं हे कळल्यावर तर आणखीनच, पण बरीच कुत्री दुसऱ्या दिवशी उठून उभी राहतात. तीन पायांवर. हाड आतून पोखरलं जात असताना जी वेदना होते ती इतकी वाईट असते की ती थांबली हाच त्याच्यासाठी मोठा बदल असतो. रडतात ती घरची माणसं.

पण इथे एक गैरसमज असतो, तो आधी काढून टाकू. पाय काढला म्हणजे कॅन्सर काढला असं नाही. छातीच्या एक्स-रेमध्ये सुरुवातीला १५ टक्क्यांहून कमी कुत्र्यांच्या फुफ्फुसात गाठी दिसतात, आणि तरीही सुमारे ९० टक्के कुत्र्यांमध्ये कॅन्सरच्या पेशी तोपर्यंत तिथे पोचलेल्या असतात, फक्त इतक्या बारीक की कुठल्याच मशीनला दिसत नाहीत. हे कसं कळलं? नुसता पाय काढलेली निम्मी कुत्री चार ते पाच महिन्यांत गेली, आणि गेली ती बहुतेक फुफ्फुसातल्या गाठींनी. सोबत कार्बोप्लॅटिन किंवा तसली केमो दिली तर हाच आकडा दहा ते बारा महिन्यांवर जातो. केमो कुत्र्यांना माणसांपेक्षा बरीच सोसते, डोस मुद्दाम कमी ठेवलेला असतो. पण वर्षाच्या आसपास येऊन गाडी अडते ती अडतेच.

(दृश्य: जुन्या फाइली, हाडाचे नमुने.)

काही कुत्र्यांचा पाय काढता येत नाही, कारण बाकीचे तीन पाय आधीच धड नसतात. त्यांच्यासाठी कोलोराडो स्टेट युनिव्हर्सिटीत स्टीफन विथ्रो यांच्या टीमनं १९८० च्या दशकात पाय वाचवायची सर्जरी बसवली. खराब झालेला हाडाचा तुकडा कापून काढायचा, त्या जागी दुसऱ्या, मेलेल्या कुत्र्याच्या हाडाचा तुकडा घालायचा, लांब प्लेट आणि स्क्रूनं जोडायचा आणि मनगटाचा सांधा कायमचा आखडून टाकायचा. पाय राहतो, चालताही येतं. या कामाचा उपयोग पुढे हाडाचा कॅन्सर झालेल्या मुलांचे हातपाय वाचवण्यातही झाला.

फक्त एक कटकट होती, इन्फेक्शन. जवळजवळ निम्म्या केसेसमध्ये व्हायचं, जखम वाहायची, महिनोन्महिने अँटिबायोटिक चालायची, आणि कुठल्या सर्जनला आवडेल हो हे? अशी केस कुणी कौतुकानं दाखवत नाही. आणि मग हिशेब लावून बघितला तर भलतंच निघालं, २००५ मध्ये ते छापूनही आलं. ज्यांच्या पायात इन्फेक्शन झालं होतं ती कुत्री जास्त जगली होती. इन्फेक्शन न झालेल्यांच्या साधारण दुप्पट.

मला या सगळ्या विषयातली ही सगळ्यात भारी गोष्ट वाटते, कारण जे झाकून ठेवावंसं वाटतं त्यातच काहीतरी सापडलं. पू झालेल्या पायाशी लढायला शरीराची फौज उठते, आणि बहुतेक त्याच गडबडीत तिला फुफ्फुसात लपलेल्या पेशीही सापडतात.

तशी ही कल्पना जुनीच आहे. न्यूयॉर्कचे सर्जन विल्यम कोली यांची १७ वर्षांची एक पेशंट हाताच्या हाडाच्या सार्कोमानं गेली, हात कापूनही गेली. ते इतके अस्वस्थ झाले की जुने रेकॉर्ड उकरत बसले, आणि त्यात त्यांना त्वचेचं जबर इन्फेक्शन होऊन गाठ विरघळलेला एक माणूस सापडला. १८९१ पासून ते पेशंटना मुद्दाम बॅक्टेरिया टोचायला लागले. काही बरे झाले, काही त्या इन्फेक्शननंच गेले, आणि पुढे रेडिएशन आलं तसं सगळं मागे पडलं.

कुत्र्याच्या पायात मुद्दाम पू कोण करणार, म्हणून बॅक्टेरिया न घालता नुसती त्याची चाहूल द्यायची असा प्रयत्न झाला. बॅक्टेरियाच्या भिंतीतल्या एका तुकड्याची नक्कल लॅबमध्ये बनवली, चरबीच्या बारीक फुग्यांत भरली आणि पाय काढलेल्या कुत्र्यांच्या शिरेत सोडली. १९८९ मध्ये विस्कॉन्सिनच्या मॅक्युएन यांच्या टीमनं निकाल छापला, औषध मिळालेल्यांच्या जगण्याचा मधला आकडा (निम्मी त्याहून कमी, निम्मी जास्त जगली) २२२ दिवस, न मिळालेल्यांचा ७७. तेच औषध मिफामुर्टाइड या नावानं मुलांसाठी आलं आणि २००९ मध्ये युरोपात त्याला मंजुरी मिळाली. अमेरिकेत मात्र नाही मिळाली, तिथल्या लोकांना माणसांवरच्या ट्रायलचे आकडे पटले नाहीत.

(दृश्य: लॅब. पेट्री डिश.)

मग २०१६. पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीत निकोला मेसन यांनी लिस्टेरिया घेतला, हो, खाण्यातून विषबाधा करणारा तोच, त्याला दुबळा केला आणि गाठीवर सापडणाऱ्या हर-टू नावाच्या प्रोटीनचा पत्ता त्याच्या हातात दिला, ही झाली लस. १८ कुत्री, पाय काढून आणि केमो देऊन झालेली. मधला आकडा ९५६ दिवस! पण नाचायच्या आधी थांबा, कुत्री फक्त १८ होती आणि तुलना जुन्या रेकॉर्डशी केली होती, शेजारी लस न दिलेला गट नव्हता. अशा ठिकाणी आकडे फार गोड दिसतात. उलटं उदाहरण बघा, रॅपामायसिन नावाच्या औषधाकडून खूप आशा होती, ३२४ कुत्र्यांवर चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून नीट ट्रायल केली आणि २०२१ मध्ये कळलं की काहीच फरक पडत नाही. तो पेपर कुणी शेअर करत नाही, पण माझ्या मते तोही तितकाच कामाचा.

आणि कुत्रीच का? अमेरिकेत माणसांमध्ये हा कॅन्सर वर्षाला हजाराच्या आसपास लोकांना होतो, त्यातली निम्मी मुलं आणि वयात येणारी पोरं, कुत्र्यांमध्ये दहा हजारांच्या वर असा अंदाज आहे. इथे कुणी लॅबमध्ये आजार पैदा केलेला नाही, तो आपोआप होतो, तसाच वाढतो, तसाच फुफ्फुसात जातो, आणि ज्या उत्तरासाठी मुलांच्या ट्रायलमध्ये कित्येक वर्षं थांबावं लागतं ते इथे दोनेक वर्षांत मिळतं. कुत्र्याचं आयुष्य छोटं असण्याचा हा उपयोग, म्हटलं तर क्रूरच आहे.

(दृश्य: तोच कॉरिडॉर. रॉटवायलर परत येतोय, तीन पायांवर, दोरी ओढत.)

ऑपरेशनला दहा आठवडे झालेत. छाती डावीकडून, उजवीकडून, मग उताणं झोपवून, तीन एक्स-रे. टेबलावर झोपायला तो अजिबात तयार नाही, दोघांनी धरलंय. डॉक्टर स्क्रीनजवळ जाऊन एकेक बरगडी बोटानं मोजल्यासारखी बघतायत.

स्वच्छ आहे.

घरच्यांनी विचारलं, म्हणजे बरा झाला का? डॉक्टर म्हणाले, आज काही दिसत नाहीये, आणि पुढच्या एक्स-रेची तारीख लिहून दिली, दोन महिन्यांनंतरची.