तारणाची तारीख

पाळकसाहेब, मंडळी, सलाम. विषय दिलाय 'अब्राहामाची विश्वासयात्रा'. अब्राहामाकडे येतोच, पण आधी माझं एक जुनं दुखणं ऐकून घ्या.

मागे एका शिबिरात एका तरुण प्रचारकानं मला गाठलं. ''काका, तुमचं तारण कोणत्या तारखेला झालं?'' म्हणजे ख्रिस्तावर विश्वास ठेवून पापातून सुटका कधी झाली. मी म्हटलं, ''बाळा, माझी जन्मतारीखच १ जून आहे.'' (हशा) हसताय ते कळतंय. इथल्या निम्म्या मंडळींची तीच आहे. बापानं हाताला धरून शाळेत नेलं, मास्तरांनी उंची बघून वर्ष लावलं. म्हणून काय आपण जन्मलोच नाही? पण तो हटेना. वही उघडून बसलेला, वहीत तारखेचा रकाना. शेवटी मी दहावीच्या निकालाचा दिवस सांगितला. त्या दिवशी प्रार्थना मनापासून केली होती, एवढं खरं!

यावर लोक कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं नाव पुढे करतात. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एक गोरा गृहस्थ भेटला, नवा करार हातात ठेवला आणि म्हणाला, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा. झाली तारीख! पण टिळक स्वतः म्हणत, मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. आता पुलावर पहिलं पाऊल कधी पडलं, ते कुठल्या रकान्यात लिहाल?

आणि लक्ष्मीबाई? नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानं ती बाई कोसळली. जिच्या माहेरी वडील मीठसुद्धा धुऊन घ्यायचे, तिनं एका रात्रीत काय काय सोडायचं? काही वर्षं पंढरपूरला काढली. पुढे टिळकांकडे राहायला आल्या, तरी सोवळं सुटलं नाही, चूल वेगळी. एकाच घरात दोन चुली! आपण प्रवचनात टिळकांची आगगाडी सांगतो, ही चूल कोणी सांगत नाही. मला विचाराल तर विश्वासाची वाट त्या चुलीपाशीच जास्त दिसते. बाईंचा बाप्तिस्मा १९०० सालचा. टिळकांचं अपुरं राहिलेलं ख्रिस्तचरित्राचं काव्य 'ख्रिस्तायन' पुढे लिहीत नेलं ते याच बाईंनी.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं म्हणतायत. चहा उकळतोय, वास इथपर्यंत येतोय.

तर अब्राहाम. बायबलातलं इब्री लोकांस पत्र, अकरावा अध्याय. कुठे जायचं ते ठाऊक नसताना तो निघाला. देवानं वचन दिलेल्या देशात पोचला तरी मुक्काम तंबूतच. स्वतःला परका आणि प्रवासी म्हणवत राहिला. प्रेषितांच्या कृत्यांत बघा, पहिल्या विश्वासणाऱ्यांना 'त्या मार्गाचे' लोक म्हटलंय. आणखी दोन मुद्दे होते, ते घरी वाचा.

फक्त अम्माऊस गावाला निघालेले ते दोन शिष्य राहिले, येशू मरणातून उठला त्या दिवसाचे. यरुशलेमहून सुमारे अकरा किलोमीटरची वाट, येशू बरोबर चालतोय, शास्त्र उलगडून सांगतोय आणि यांना ओळख नाही. जेवायला बसल्यावर त्यानं भाकर मोडली तेव्हा कुठे डोळे उघडले. मग म्हणतात, वाटेतच आपलं अंतःकरण पेटत नव्हतं का? त्या प्रचारकाच्या वहीत यांची वेळ कोणती धरायची, वाटेतली की ताटावरची? त्यांना मात्र टिपून ठेवायला सवड नव्हती. दिवस कलला म्हणून थांबलेले दोघे, तसेच उठले आणि अंधारात यरुशलेमच्या वाटेला लागले.