निकाल नंतर, आधी दृश्य सांगा

(चित्रपटप्रेमींच्या मंडळात केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. विषय फलकावर लिहिलेलाच आहे: अलीकडे पाहिलेल्या चित्रपटांविषयी मत कसं मांडावं. तीन मुद्दे सांगायचं मी कबूल केलंय आणि ते सांगणारच आहे. पण त्याआधी बरेच दिवस मनात साचलेलं थोडं बोलू द्या.

सिनेमा बघून आलेल्या माणसाला आपण पहिल्यांदा काय विचारतो? ‘कसा आहे?’ उत्तर येतं, ‘चांगला आहे’, ‘ठीक आहे’, ‘एकदा बघायला हरकत नाही’, ‘डोक्याला ताप’. दोन-अडीच तास हा माणूस अंधारात बसला होता, कुठे हसला असेल, कुठे चुळबुळला असेल, आणि आपल्या हाती काय लागलं, तर दोन शब्दांचा निकाल. माझं म्हणणं एवढंच आहे, निकाल मागाहून द्या. आधी त्या सिनेमातलं एक दृश्य सांगा. कोण कुठे उभं होतं, काय बोललं, मग काय झालं. तेवढं ऐकलं की तुमचं मत पटो न पटो, आपल्याला एकमेकांशी बोलता येतं. ‘बोअर आहे’ यावर समोरच्यानं काय बोलायचं?

हे मला पक्कं कुठे पटलं ते सांगतो. अलीकडेच आम्ही काही जणांनी चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ पुन्हा एकत्र बसून पाहिला. २०१४चा चित्रपट. तुमच्यातल्या बहुतेकांनी पाहिला असेल, म्हणून कथा थोडक्यात आठवण करून देतो. नारायण कांबळे हे लोकशाहीर, वीरा साथीदारांनी केलेली भूमिका. त्यांचं गाणं ऐकून एका सफाई कामगारानं मॅनहोलमध्ये उतरून जीव दिला, असा आरोप. मग तारखा, तारखा आणि तारखा. कॅमेरा लांब, एका जागी खिळलेला. आणि शेवटाकडे येतं ते दृश्य. उन्हाळ्याच्या सुटीसाठी कोर्ट बंद होतं. माणसं बाहेर पडतात, दिवे मालवले जातात, पडदा काळा होतो.

आमच्यातले एक गृहस्थ तिथेच उठले. चपला शोधायला लागले. आणि सिनेमा पुन्हा सुरू झाला! न्यायाधीश महाराज सहलीला निघालेत. रिसॉर्टवर कुणा ओळखीच्याचं मूल बोलत नाही, तर त्याच्या बोटात अंगठी घालण्याचा सल्ला देतायत. मग बागेतल्या बाकावर बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागते. पोरं हळूच जवळ येतात आणि एकदम ओरडतात. साहेब दचकून जागे होतात, एका पोराला थप्पड लगावतात आणि पुन्हा डोळे मिटतात. संपला चित्रपट.

दिवे लागल्याबरोबर ते गृहस्थ म्हणाले, “दिवे मालवले तिथेच संपवायला हवा होता. पुढचं सगळं शेपूट आहे.” दुसरे एक जण उसळले, “तीच तर खरी गंमत आहे, तुम्हाला कळलंच नाही!” झालं. ‘कळलं नाही’ आणि ‘कळण्यासारखं आहेच काय’ यावर जी जुंपली, ती थांबेना. मग पुरस्कार निघाले. व्हेनिस चित्रपट महोत्सवात, ओरिझोन्ती नावाच्या स्पर्धा विभागात सर्वोत्कृष्ट ठरला होता, राष्ट्रीय पुरस्कारात सुवर्णकमळ होतं. त्यावर उत्तर, “पुरस्कार मिळाला म्हणून मला आवडलाच पाहिजे का?” बरोबरच आहे की हो! पुरस्कार हासुद्धा निकालच. एकाच्या निकालावर दुसऱ्यानं तिसऱ्याचा निकाल फेकायचा, यात सिनेमा कुठे राहिला?

तोवर एक मुलगी गप्प बसून होती. कॉलेजात शिकणारी. ती म्हणाली, “मी त्या पोरांकडे बघत होते. ओरडली सगळी. थप्पड बसली एकाला.” एवढंच बोलली. चांगला नाही, वाईट नाही. आणि ते गृहस्थ, चपला हातात घेतलेले, परत खाली बसले. म्हणाले, “थांबा, सगळी ओरडली ना? मग यानं त्यालाच का धरलं?”

तिथून पुढे खरी चर्चा सुरू झाली. कुणाला आठवलं की याच न्यायाधीशांनी आधी एका बाईची केस, तिनं बिनबाह्यांचा ड्रेस घातलाय म्हणून ऐकायला नकार दिला होता. कुणी म्हणालं, ज्या माणसाच्या कोर्टात तारखेवर तारीख पडते, त्याला इथे निवाडा करायला एक क्षण पुरला. कुणी सरकारी वकीलबाईंच्या घरातल्या दृश्यांवर बोललं, गीतांजली कुलकर्णींनी केलेल्या. त्या गृहस्थांनी मत बदललं का? मुळीच नाही. अजूनही ते म्हणतात की सिनेमा अंधारात संपायला हवा होता. पण आता ते कारण सांगतात. तो अंधार इतका पुरेपूर होता, की त्यानंतरचं बागेतलं लख्ख ऊन त्यांना सोसवलं नाही. हे मत आहे! हे मला मान्य नाही, पण त्यावर मी रात्रभर बोलायला तयार आहे.

निकालाचाच आणखी एक प्रकार म्हणजे टक्केवारी. रॉटन टोमॅटोज या समीक्षा गोळा करणाऱ्या संकेतस्थळावर ९५ टक्के आहेत, म्हणजे सिनेमा भारीच असणार, असं सर्रास समजतात. तो आकडा कसा निघतो, बघा. किती समीक्षकांचा एकूण कौल अनुकूल आहे, त्याची ती टक्केवारी. गुणांची सरासरी नव्हे. म्हणजे शंभरच्या शंभर समीक्षकांना एखादा सिनेमा ‘बरा आहे’ एवढाच वाटला, तरी आकडा येणार १००. आणि निम्म्यांनी डोक्यावर घेतला, निम्म्यांनी झिडकारला, असा सिनेमा राहणार ५०वर. आणि मला तर दुसराच आधी बघावासा वाटतो. ज्यावरून माणसं भांडतात, त्यात काहीतरी जिवंत असतं.

घरी बघताना आणखी एक छळ आहे. शेवटचं दृश्य संपतं, नावं वर सरकायला लागतात आणि स्क्रीन आक्रसून कोपऱ्यात जातो. पुढच्या कशाची तरी जाहिरात सुरू. अहो, मला जरा बसू द्या! आत्ताच एक माणूस माझ्यासमोर उद्ध्वस्त झालाय, आणि लगेच मी कुणाच्या लग्नाची धमाल बघू? ती नावं चालू असतात, संगीत चालू असतं, तेवढ्या वेळात पाहिलेलं मनात खाली बसतं. ध्वनी कुणी केला, संकलन कुणाचं, कपडे कुणी शिवले, हे वाचता वाचता एखादं दृश्य आपोआप वर येतं. तेच तुम्ही दुसऱ्या दिवशी सांगणार असता. ती मिनिटं कापली की उरतो निकाल. थिएटरात तरी वेगळं काय? शेवटची चौकट जायच्या आत दिवे भकाभक लावतात आणि दारं उघडतात.

आणि ‘संथ आहे’! या शब्दावर मला खरं तर संपूर्ण व्याख्यान द्यायचंय. पायल कपाडिया यांचा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’, २०२४ला कान महोत्सवात ग्रां प्री हा तिथला दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार मिळवलेला चित्रपट. त्याविषयी किती जणांकडून मी ऐकलं, ‘छान आहे, पण संथ आहे, काही घडत नाही.’ मी विचारतो, कुकर आठवतो का? प्रभा ही नर्स. नवरा जर्मनीत, त्याचा फोनसुद्धा येत नाही. एक दिवस खोक्यातून राइस कुकर येतो, जर्मन बनावटीचा. चिठ्ठी नाही, नाव नाही. आणि एका रात्री ती जमिनीवर बसून तो कुकर जवळ ओढते, मिठीत घेते. काही घडत नाही म्हणता? याहून जास्त काय घडायला हवं? हे सांगितलं की समोरचा म्हणतो, “हो हो, ते होतं!” म्हणजे पाहिलेलं असतं. ‘संथ’ म्हणून शिक्का मारला की ते त्याखाली दडपलं जातं.

शांताल आकरमन या दिग्दर्शिकेचा १९७५चा ‘जान डीलमन’ हा चित्रपट तर ३ तास २१ मिनिटांचा आहे. एक बाई घरकाम करते, तीन दिवस. पहिल्या दिवशी प्रत्येक हालचाल जागच्या जागी. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात. हे एवढंसं घडल्यावर आपण हादरतो, कारण पहिला दिवस आपण तिच्याबरोबर पुरा काढलेला असतो. कुणाला तो पाहवला नाही तर नको. फक्त कुठल्या क्षणी उठलात ते सांगा.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं. तर कबूल केलेले तीन मुद्दे भरभर सांगतो.

पहिला, शेवट फोडण्याचा. ‘दृश्य सांगा’ म्हटलं की लोक घाबरतात. ज्या सिनेमात रहस्य हाच प्राण आहे, त्याचं रहस्य राखायचंच. ‘सायको’ या रहस्यपटाच्या वेळी, १९६०ला, दिग्दर्शक हिचकॉकनी उशिरा येणाऱ्याला आत सोडू नये असा नियमच केला होता. अशा सिनेमातलं पूर्वार्धातलं दृश्य निवडा, भरपूर असतात. पण ‘कोर्ट’चा शेवट मी मघाशी बिनदिक्कत सांगितला, कारण तो कळल्यानं बघणाऱ्याचं काही हिरावलं जात नाही.

दुसरा, मत बदलायला जागा ठेवा. हिचकॉकचाच ‘व्हर्टिगो’ १९५८चा, तेव्हा त्याचं संमिश्र स्वागत झालं. ‘साइट अँड साउंड’ हे ब्रिटिश सिनेमासिक दर दहा वर्षांनी सर्वोत्तम चित्रपट कोणता, यावर समीक्षकांचा कौल घेतं. त्यात १९६२पासून २००२पर्यंत ‘सिटिझन केन’ पहिला होता. २०१२ला ‘व्हर्टिगो’नं त्याला खाली ढकललं, आणि २०२२ला पहिल्या जागी कोण आलं? मघाची ती बटाटे शिजवणारी बाई, ‘जान डीलमन’! चित्रपट तेच होते, बघणारे बदलले. म्हणून मतासोबत तारीख सांगत चला: मी हा तेव्हा पाहिला, तेव्हा असा वाटला.

तिसरा, न आवडलेल्या सिनेमाविषयी. इथेही दृश्यच सांगा. कोणत्या जागी सिनेमा तुमच्या हातून सुटला? नायिका रडायला लागली तेव्हा, की पार्श्वसंगीतानं तुम्हाला रडवायचा घाट घातला तेव्हा? नेमकं बोट ठेवा. आणि ज्याला तो आवडलाय त्याच्या अकलेवर घसरू नका. त्यानं कदाचित वेगळंच दृश्य मनात धरलं असेल, ते विचारून घ्या.

आणखी बरंच होतं, लहान मुलांना सिनेमाबद्दल काय विचारावं हेही होतं, ते पुढच्या वेळी. मागच्या रांगेत त्या बाईंचा हात मघापासून वर आहे, माइक आधी त्यांच्याकडे द्या. बोला ताई, कुठला सिनेमा, आणि त्यातलं कुठलं दृश्य?