गुंतागुंत आणि मृत्यू यांच्यामधले तास

पोटातील महाधमनीला आलेला फुगा, म्हणजेच अॅन्युरिझम, बहुधा दुखत नाही. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत तो अवचित सापडतो. पुरुषांमध्ये त्याचा व्यास साडेपाच सेंटीमीटरपर्यंत पोचला की फुटण्याचा धोका शस्त्रक्रियेच्या धोक्याहून मोठा मानतात आणि तारीख ठरवून शस्त्रक्रिया करतात. हा रुग्ण स्वतःच्या पायांनी चालत रुग्णालयात आलेला असतो. म्हणूनच पुढे काही बिघडले की नातेवाईक म्हणतात, ‘चांगला हिंडताफिरता माणूस होता हो!’ आणि त्यांचे म्हणणे खरेच असते.

अशा वेळी आपण विचारतो की शस्त्रक्रियेत चूक कोणाची झाली. माझ्या मते अधिक उपयोगाचा प्रश्न वेगळा आहे : गुंतागुंत झाल्यावर ती किती वेळात कोणाच्या लक्षात आली? अमेरिकेत जेफ्री सिल्बर यांनी 1992 मध्ये गुंतागुंत झालेल्या रुग्णाला ‘वाचवण्यात आलेले अपयश’ हे रुग्णालयाचे वेगळे मोजमाप म्हणून मांडले. पुढे 2009 मध्ये मिशिगनच्या घाफेरी, बर्कमायर आणि डिमिक यांनी सामान्य आणि रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रिया झालेल्या 84,730 रुग्णांच्या नोंदी तपासल्या. सर्वांत कमी मृत्युदराच्या रुग्णालयांत 24.6 टक्के रुग्णांना गुंतागुंत झाली होती आणि सर्वांत जास्त मृत्युदराच्या रुग्णालयांत 26.9 टक्के, म्हणजे फरक नगण्यच. मात्र मोठी गुंतागुंत झालेल्यांपैकी पहिल्या गटात 12.5 टक्के रुग्ण दगावले, तर दुसऱ्या गटात 21.4 टक्के. हे आकडे केवळ महाधमनीचे नाहीत, हे मान्य करूनही त्यांचा रोख आपल्या विषयाला तंतोतंत लागू पडतो असे मला वाटते.

पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत महाधमनीला चिमटा लावून खालचा रक्तप्रवाह थांबवतात, फुग्याच्या जागी कृत्रिम नळी शिवतात आणि मग चिमटा सोडतात. त्यात हृदयावर ताण येतो, मूत्रपिंडांना झळ लागू शकते, फुग्यातील गुठळीचे कण पायाच्या बोटांपर्यंत वाहून जाऊ शकतात. म्हणून परिचारिका दर तासाला लघवीच्या पिशवीवरचा आकडा लिहून घेते आणि पावलावर जिथे नाडी लागते तिथे पेनाने फुली मारून ठेवते, म्हणजे रात्रपाळीच्या माणसाला ती शोधत बसावे लागत नाही.

सर्वांत फसवी गुंतागुंत मात्र मोठ्या आतड्याची. त्याच्या डाव्या भागाला रक्त पुरवणारी एक धमनी फुग्यातूनच निघते आणि बहुतेकदा ती बांधून टाकावी लागते. शेजारच्या वाहिन्यांनी भार उचलला नाही तर आतड्याचे अस्तर मरू लागते. एरवी अशा शस्त्रक्रियेनंतर आतडी काही दिवस सुस्त असतात. त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या दिवशीच रुग्णाला पातळ शौचास झाले की नातेवाईकांना हायसे वाटते, ‘पोट मोकळे झाले’ असे ते आनंदाने सांगतात, आणि नेमकी तीच खूण आम्हाला धास्तावते, विशेषतः त्यात रक्त असेल तर. त्याच रात्री दुर्बिणीने आतडे पाहिले आणि मेलेला भाग वेळेत काढला तर रुग्ण वाचू शकतो. ‘सकाळच्या राउंडला पाहू’ असे म्हटले तर बहुधा उशीर झालेला असतो.

ब्रिटनने हा धडा जाहीरपणे घेतला. 2008 मधील युरोपीय तुलनेत तेथील महाधमनीच्या फुग्याच्या नियोजित शस्त्रक्रियांचा मृत्युदर 7.9 टक्के निघाला, युरोपची सरासरी 3.5 टक्के असताना. त्यानंतर ही शस्त्रक्रिया थोड्या पण मोठ्या केंद्रांत एकवटण्यात आली, भूलतज्ज्ञांच्या पूर्वतपासणीवर भर दिला गेला, आणि काही वर्षांतच तो दर साडेतीनच्या खाली आला. पोट न उघडता जांघेतून फुग्यात नळी सरकवण्याच्या पद्धतीचाही त्यात वाटा होता. मात्र तिचा सुरुवातीचा फायदा पुढील वर्षांत ओसरतो आणि तपासण्या जन्मभर कराव्या लागतात.

तारीख ठरवण्यापूर्वी रुग्ण खर्च विचारतात, टाके कधी निघतील हे विचारतात. रात्री दोन वाजता इथे निर्णय घेणारे कोण असते, असे मला आजवर एकाच गृहस्थांनी विचारले. ते एसटीतून निवृत्त झालेले चालक होते आणि रातराणीला दुसरा चालक असतो की नाही, त्याच सुरात ते विचारत होते.