फार्गो पुन्हा पावाच्या फेरीवर

[दृश्य: पत्र्याची शेड. बेकरीच्या जुन्या गाडीच्या दारावर फिरणारा पॉलिश पेपर.]

आधी निळा रंग निघाला. त्याखाली हिरवा, आणि त्याखाली लांबीचा, म्हणजे पुट्टीचा जाड थर. मग हे बघा, 'टोस्ट' मधला ट. शेजारी 'खारी'. पेंटरने हाताने काढलेली अक्षरं, मागे लाल सावली दिलेली. नंतर रंग देणाऱ्याने खालचं खरवडायचा कंटाळा केला, म्हणून ती वाचली. असा आळस सगळ्यांना लाभो.

यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडच्या एका गावातली ही बेकरीची गाडी. फार्गो. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार करून मुंबईत कुर्ल्याला ज्या गाड्या काढल्या, त्यांतली एक. तोच ट्रक डॉज नावाने मिळायचा, तोच फार्गो नावाने. कुर्ल्याहून यायचं ते नाक आणि चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा. मागचा डबा इथल्याच सुतारांनी बांधला, चौकट सागवानाची. सत्तर वर्षांच्या आसपासचं हे लाकूड. वाळवीने खालची एकच आडवी पट्टी खाल्ली होती, तेवढी बदलली. बाकी चौकटीला हात लावायची गरज पडली नाही.

या गाड्यांचं मूळ इंजिन सहा सिलिंडरचं, पेट्रोलवर चालणारं. पेट्रोल परवडेना, तेव्हा कितीतरी मालकांनी त्यात पर्किन्सचं पी-६ डिझेल इंजिन टाकून घेतलं. मद्रासची सिम्पसन कंपनी ते बनवायची. या गाडीचं बॉनेट उघडलं तर आत तेच बसलेलं. आता हेही बदललं, त्यावर 'नवे पार्ट टाकून अस्सलपणा घालवला' असं म्हणणाऱ्यांना सांगायला हवं, की अस्सल इंजिन धंद्यासाठी केव्हाच उतरवलं होतं, तेही मालकानेच.

गाडी दुरुस्त करणारे मिस्त्री मालकांना, म्हणजे काकाजींना काय म्हणाले, ते त्यांच्याच तोंडून ऐका.

"काकाजी, शोकेसमधी ठेवाची असन तं राहू द्या जुनंच. पाव वाटाचा असन तं बदलाच लागन."

बदललं. मोडीत निघालेल्या एका पिकअपचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन आणि त्याचाच पाच गिअरचा बॉक्स. ते चेनपुलीवर उतरवलं रात्री, तेव्हा आमचा कॅमेरा तिथे नव्हता. जुन्या बॉक्सवर गिअर टाकायचा म्हणजे क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, पुन्हा दाबा, मग कुठे दांडा बसायचा. बाजाराच्या गर्दीत हे दर पन्नास पावलांवर.

[दृश्य: लेथ मशीन, जवळून.]

हे मात्र नीट बघण्यासारखं आहे. पुढच्या चाकांना आता डिस्क ब्रेक आहेत. पण फार्गोच्या चाकाच्या मधल्या हबवर आजची डिस्क बसेल कशी? बाजारात तसा पार्ट मिळत नाही. म्हणून जाड लोखंडाची चकती लेथवर चढवली. हत्यार टेकलं की निळसर सुरळी जिलबीसारखी वळत खाली पडते. मिस्त्री मशीन थांबवतात, मापाचा व्हर्नियर लावतात, मान हलवतात, पुन्हा चालू करतात. केसभर जास्त कापलं गेलं तर डिस्क डोलणार आणि ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरणार. चकती बसली तेव्हा बोटाने फिरवून पाहिली. आवाज नाही. पेडलचा जोर वाढवणारा बूस्टरही ब्रेकला दिला. पूर्वी भरल्या गाडीला उतारावर थांबवायचं तर ड्रायव्हर पेडलवर जवळजवळ उभा राहायचा.

वायरिंग सहा व्होल्टची होती, ती बाराची केली. वीज बनवणारा जुना डायनमो गेला, त्याजागी अल्टरनेटर आला. हेडलाइटच्या काचा जुन्याच, धुऊन बसवल्या.

कागदांचं थोडक्यात. २०२१ च्या नियमांत व्हिंटेज म्हणजे पन्नास वर्षांवरची, खासगी वापराची दुचाकी किंवा मोटार. ही मालगाडी, शिवाय इंजिन बदललेलं, म्हणून त्यात बसत नाही. इंजिनबदलाची आरटीओकडे नोंद आणि फिटनेस, हे ओघाने आलंच. खर्च पावाच्या नफ्यातून निघणार नाही, हे मालकही हसत सांगतात.

[दृश्य: पहाट, भट्टी.]

बाभळीच्या लाकडावर तापलेली भट्टी. लांब दांड्याच्या फावड्यावरून लाद्या बाहेर येतात, ट्रेमध्ये जातात, ट्रे डब्यातल्या खाचांत सरकतात. खाचा जुन्याच, ट्रे नवे. खारी वरच्या खणात, कारण खाली दचके जास्त. टोस्टचे डबे मागच्या दाराशी, बाजारात आधी तेच मागतात.

गाडी निघते. पोरं मागे धावतात, काकाजी खिडकीतून ओरडतात, "ए पोट्टेहो, बाजूनं व्हा!"

मिस्त्रींच्या शेडमध्ये आता एक मॅटॅडोर येऊन उभी आहे. तिला पुढचं दारच नाही.