चॉकलेटसाठी ठेवलेलं पाणी

नमस्कार श्रोतेहो.

मेक्सिकोत चॉकलेट ही मुळात प्यायची गोष्ट, चघळायची नंतर झाली. घराघरांतून ते पाण्यात करत. पाणी खळखळून उकळलं की त्यात वडी टाकायची. म्हणून रागानं नाहीतर ओढीनं आता फुटेल अशा बेताला आलेल्या माणसाला तिथे चॉकलेटच्या पाण्याची उपमा देतात. लाउरा एस्किवेल यांच्या १९८९ सालच्या कादंबरीचं नाव याच वाक्प्रचारावरून आलंय: ‘कोमो आग्वा पारा चोकोलाते’, म्हणजे चॉकलेटसाठी ठेवलेल्या पाण्यासारखं.

काळ मेक्सिकन क्रांतीचा, म्हणजे १९१०च्या दशकातल्या यादवीचा. टेक्सासच्या सीमेला लागून असलेल्या पिएद्रास नेग्रासजवळचं एक शेतघर. तीता ही धाकटी मुलगी. घरचा नियम असा, की धाकटीनं लग्न करायचं नाही, आई असेपर्यंत तिची सेवा करायची. मग तीतावर प्रेम करणारा पेद्रो तिच्या जवळ राहता यावं म्हणून तिच्याच बहिणीशी लग्न करतो. बारा महिने, बारा प्रकरणं, आणि प्रत्येकाच्या तोंडाशी एक कृती. जूनची तेवढी काड्यापेटीच्या काड्यांची, बाकी सगळ्या खाण्याच्या.

या कादंबरीला जादुई म्हणून सोडून देतात, ते मला पटत नाही. त्यातली जादू चोख स्वयंपाकावर उभी आहे. चॉकलेटचंच बघा. कोकोच्या बिया भाजायला मातीचा तवा नको, पत्र्याचं ताट घ्या, असं तिथे सांगितलंय, कारण बियांतून सुटणारं तेल मातीच्या छिद्रांत मुरतं. भाजणं कमी पडलं तर साल सुटत नाही, जास्त झालं तर कडवट, जळका वास कायमचा राहतो. मग त्या बिया मेटाटेवर वाटायच्या. मेटाटे म्हणजे ज्वालामुखीच्या दगडाचा, तीन पायांचा, उतरता पाटा. गुडघे टेकून दोन्ही हातांनी वरवंटा पुढे-मागे लोटायचा. पाट्याखाली निखारे ठेवतात. दगड गार राहिला तर कोकोचं लोणी वितळत नाही आणि वाटण खरखरीत राहतं. वाटताना पाण्याचा थेंब पडला तर ते आळून गोळा होतं.

पेय करतानाही घाई चालत नाही. कपाला लागेल त्याहून थोडं जास्त पाणी ठेवायचं. पहिली उकळी आली की खाली उतरवून वडी विरघळवायची आणि मोलिनिय्योनं घुसळायचं. ही लाकडी रवीच, पण दोरीशिवाय, दोन तळव्यांत धरून फिरवायची. परत आच, दुसरी उकळी, वर चढू लागलं की उतरवायचं. मग तिसरी. शेवटी पुन्हा घुसळून फेसासकट ओतायचं. उतू जायच्या आधी तीनदा मागे खेचलेलं हे पाणी आणि वीसेक वर्षं मन मारून जगणारी तीता, यांतलं नातं लेखिकेला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

बहिणीच्या लग्नाचा केकही तीतालाच करावा लागतो. मूळ मापाला १७ अंडी, पण पाहुणे १८०, म्हणून १७०. अंडी-साखर फेटायची, घट्ट झाली की आणखी दोन अंडी, पुन्हा फेटायचं, असं संपेपर्यंत. यंत्र नाही, हातच. इतका वेळ एका जागी उभं राहिल्यावर, दाबून ठेवलेलं रडू त्या पातेल्यात पडतं. पाहुणे केक खातात आणि आपापल्या हरवलेल्या प्रेमासाठी रडू लागतात.

एक उणीव मात्र मला जाणवते. तीताच्या अश्रूंवर कादंबरी जेवढी रेंगाळते, तेवढी रोजच्या तोर्तियाच्या, म्हणजे मक्याच्या भाकरीच्या, पिठावर नाही. आणि मेक्सिकन बाईचं आयुष्य खरं तर त्या पिठानं खाल्लं. एक किलो मका, साधारण दहा ग्रॅम चुना (आपण पानाला लावतो तोच), तीन लिटर पाणी. मंद आचेवर अर्धा-पाऊण तास शिजवून रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी चोळलं की साल निसटते. चुना जास्त झाला तर पीठ पिवळं आणि कडू होतं, फार शिजलं तर चिकट. चुनाच घातला नाही तर पिठाला धर येत नाही, शिवाय मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागत नाही. युरोपानं मका नेला, चुन्याची रीत नेली नाही, आणि मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा, म्हणजे नायसिनच्या कमतरतेचा रोग, जडला.

मग पहाटे उठून ते वाटायचं. घर मोठं असेल तर रोजचे चार-पाच तास. क्रांतीत सैन्याबरोबर निघालेल्या बायकांनी, त्यांना सोल्दादेरा म्हणत, हे काम बरोबर नेलं. मुक्कामाला पुरुष बंदुका टेकवायचे तेव्हा यांचं वाटण सुरू व्हायचं. ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्यानं लढाईची तारीख तपासावी तशी मक्याचीही तपासावी: आज रात्री तो भिजला नाही, तर उद्या फौज काय खाणार?

विसाव्या शतकात गिरण्या आल्या. मेक्सिकोतल्या मोरेलोस राज्यातल्या तेपोझ्तलान गावात १९२०च्या दशकात गिरणीवरून वाद झाला. पुरुष म्हणत, गिरणीच्या पिठाच्या तोर्तियांना पाट्याची चव नाही, आणि बायका बाहेर पडून गप्पा मारत बसतील. बायका ऐकल्या नाहीत. भिजवलेला मका बादलीत घेऊन त्या गिरणीवर गेल्या, आणि रांगेत उभं राहून खरंच गप्पा मारू लागल्या.