मृगाच्या आत मोरी

[दृश्य: कोरड्या ओढ्यात पोकलेन, शेजारून मातीचा वळणरस्ता]

मराठवाड्यातल्या काळ्या रानातला हा ओढा एप्रिलमध्ये ठणठणीत कोरडा असतो. 7-8 जूनला मृग लागतो. त्याच्या आत मोरीचा, म्हणजे रस्त्याखालून ओढ्याचं पाणी नेणाऱ्या छोट्या पुलाचा, स्लॅब पडला नाही, तर पहिल्या पुरात वळणरस्ता जातो आणि खालचं सेंट्रिंगही त्याच्याबरोबर वाहतं. घरच्या कंत्राटी कंपनीत म्हणून कामं आधीच वाटलेली असतात. थोरला भाऊ मशिनरी आणि डिझेल बघतो, धाकटा साइटवर उभा असतो, थोरली सून बिलं आणि मस्टर सांभाळते. खड्डा किती खाली न्यायचा, यावर मात्र वडिलांचा शब्द शेवटचा.

काम आहे दोन गाळ्यांच्या, म्हणजे पाण्याला दोन वाटा असलेल्या, पेटी मोरीचं. गाळा 3 मीटरचा, भिंती आणि स्लॅब 300 मिलिमीटर जाडीचे, रुंदी साडेआठ मीटर.

काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. तिच्यावर पाया टेकवायचा नसतो. कठीण मुरूम लागेपर्यंत खोदायचं, मग 150 मिलिमीटर पीसीसी, म्हणजे बिनसळईचं साधं काँक्रीट. वरच्या आणि खालच्या अंगाला कर्टन वॉल, म्हणजे पाणी फरशीखाली शिरू नये म्हणून घातलेली आडवी भिंत, तळाच्याही खाली उतरवावी लागते. तिथे अर्धा मीटर वाचवण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. पाणी मोरीतून बाहेर पडतं तिथेच माती खणतं, खणत खणत फरशीखाली शिरतं. वरून मोरी ठणठणीत दिसते, खाली पोकळी.

पीसीसी टाकण्याआधी अभियंत्याकडून खोली मोजून मोजमाप पुस्तिकेत नोंदवून घ्यायची. एकदा झाकलं की ती खोली बिलात मिळवणं म्हणजे वाद.

[दृश्य: सळईचा ट्रक वजनकाट्यावर]

सळई हा कंपनीच्या नफ्याचा नाजूक भाग. खरेदी काट्यावरच्या वजनाने होते. बिल साधारणपणे लांबी गुणिले ठरलेलं वजन, या हिशोबाने निघतं. सळईच्या व्यासाचा मिलिमीटरमधला वर्ग भागिले 162, हे एका मीटरचं किलोतलं वजन. 16 मिलिमीटरची 12 मीटर सळई म्हणजे जवळपास 19 किलो. भारतीय मानकात 10 च्या वर 16 मिलिमीटरपर्यंतच्या सळईला 5 टक्के कमी-जास्त चालतं. माल तेवढा जड आला, तर 10 टनांच्या खरेदीत जवळपास अर्धा टन लोखंड फुकट बसवलं. म्हणून गाडी उतरवण्याआधी दोन-चार सळया मोजून, तोलून बघतात.

[दृश्य: स्लॅबचा दिवस, मिक्सर गाडी, व्हायब्रेटरचा आवाज]

स्लॅबला साडेसतरा घनमीटरच्या वर काँक्रीट लागतं. 6 घनमीटरच्या तीन गाड्या कशाबशा पुरतात, त्यामुळे प्लांटला चौथी अर्धी सांगून ठेवलेली बरी. खरं भांडण पाण्यावरून होतं. एम-30 या ताकदीच्या काँक्रीटच्या मिश्रणात घनमीटरला 380 किलो सिमेंट आणि 171 लिटर पाणी धरलं, तर पाणी-सिमेंटचं प्रमाण 0.45 येतं. माल घट्ट आला म्हणून ड्रायव्हरने पाइप सोडला आणि गाडीत 120 लिटर पाणी गेलं, की तेच 0.50 होतं. माल सरसर पसरतो, कामगार खूश. 28 दिवसांनी ताकद तपासायला भरून ठेवलेले काँक्रीटचे ठोकळे कमी दाबाला फुटतात तेव्हा मालकाचा चेहरा पडतो. सैल माल हवा असेल तर तो प्लांटवरून, योग्य रसायन घालूनच मागवायचा.

एवढ्या काँक्रीटला मानकाप्रमाणे तीन नमुने, म्हणजे नऊ ठोकळे भरावे लागतात. 7 दिवसांचा अंदाज हवा असेल तर वेगळे. सळईच्या जाळीखाली तिला उचलून धरणारे कव्हरचे ठोकळे आणि वरच्या जाळीला सळईच्याच खुर्च्या नसतील, तर कामगारांच्या पायांनी जाळी खाली बसते आणि नकाशातली सळई भलत्याच जागी जाते.

साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचे टेकू, साधं सिमेंट असेल तर, 7 दिवसांनी काढता येतात. आता बहुतेक ठिकाणी राखमिश्रित सिमेंट येतं. ते सावकाश ताकद धरतं, तेव्हा घाई नको, आणि गोणपाट किमान 10 दिवस ओलं राहिलं पाहिजे. टंचाईच्या गावात त्यासाठी टँकरचा खर्च टेंडर भरतानाच धरायचा.

[दृश्य: भिंतीमागे भराव, छोटा रोलर]

सगळ्यात जास्त तक्रारी येतात त्या भरावाच्या. मोरीच्या तोंडाशी गाडी आपटते ती इथल्या आळसामुळे. खोदलेली काळी मातीच मागे लोटली, तर पावसात ती फुगून भिंतीवर रेटा देते. मुरूम हवा, भिंतीलगत दगड-खडीचा 600 मिलिमीटरचा गाळणथर हवा, आणि पाणी निघायला भिंतीत 100 मिलिमीटरचे पाइप बाहेर उतार देऊन. भराव दोन्ही बाजूंनी बरोबरीने चढवायचा, 150 मिलिमीटरच्या थरांनी, प्रत्येक थरावर पाणी मारून. मोठा रोलर भिंतीला भिडवायचा नाही. तिथे हातरोलर किंवा प्लेट कॉम्पॅक्टर.

बिलातून कापली गेलेली सुरक्षा ठेव दोषदायित्वाचा, म्हणजे काम बिघडलं तर कंत्राटदाराने दुरुस्त करून द्यायचा, काळ संपल्यावर परत मिळते. त्याआधी तोंडाशी खड्डा पडला, तर एका डंपर मुरुमासाठी रोलर, टँकर आणि माणसं पुन्हा त्याच ओढ्यावर न्यावी लागतात, स्वखर्चाने.